मोटारसायकलचा क्रॅश गार्ड कसा निवडावा : खान्देशातल्या रस्त्यांसाठी

पारोळ्याच्या अलीकडे एका फरशीपुलाजवळ माझी गाडी पडली, तेव्हा वेग जेमतेम तीस-पस्तीसचा असेल. ऑगस्टचे दिवस. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकलेली आणि वरून भुरभुर पाऊस. पुढचं चाक सरकलं आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. मला थोडं खरचटलं. गाडीला चांगला जाड, चकचकीत लेग गार्ड होता, म्हणून मी निर्धास्तपणे ती उभी केली. बघतो तर गार्ड मागे फिरून गेअर लिव्हरवर येऊन टेकलेला, आणि इंजिनला चेसीशी धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा कान मुळापासून तुटलेला.

अमळनेरच्या मिस्तरींनी तो तुटका कान हातात घेतला, गार्डकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, पाइप कितला जाड शे ते नको देखू, बोल्ट कोठे बसस ते देख." गार्ड आला होता नऊशे रुपयांना. इंजिन उतरवून कानाला आर्गन वेल्डिंग करून पुन्हा बसवायला त्याच्या कितीतरी पट पैसे गेले, आणि कापूस वेचणीच्या तोंडावर चार दिवस गाडी उभी राहिली.

तेव्हापासून घरातल्या, शेजारच्या, मित्रांच्या प्रत्येक गाडीचा गार्ड मी वाकून बघतो. दहापैकी सहा-सात गार्ड असे असतात की पडल्यावर ते गाडीला वाचवण्याऐवजी तोडतील. ते कसं ओळखायचं आणि चांगला गार्ड किंवा स्लायडर (बोल्टने बसणारा प्लॅस्टिकचा जाड गोळा) कसा निवडायचा, हे पायरीपायरीने लिहितो.

गार्डकडून अपेक्षा काय ठेवायची

आपल्याकडे त्याला 'लेग गार्ड' म्हणतात, आणि त्या नावामुळेच मोठा गैरसमज झाला आहे. पाय वाचतो म्हणून गार्ड लावायचा, असंच सगळे धरून चालतात. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट यांच्या पथकाने ९०० मोटारसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते. त्यांचा अहवाल १९८१ साली आला. क्रॅश बारबद्दल, म्हणजे आपल्या गार्डबद्दल, त्यांना असं दिसलं की घोटा आणि पाऊल यांच्या इजा थोड्या कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या इजा तेवढ्याच वाढतात. म्हणजे पायाच्या दृष्टीने हिशेब बरोबरीत सुटतो.

उभ्या गाडीचा तोल जाऊन ती पायावर आली किंवा अगदी हळू वेगात घसरली, तर गार्डमुळे खाली थोडी जागा राहते आणि पाय चेंगरत नाही, हे खरं आहे. समोरून टेम्पो आला तर गार्ड काही करू शकत नाही. पाय वाचवायचा असेल तर घोटा झाकणारा बूट घ्या. चप्पल घालून, अंगठ्याने गेअर उचलत आपण चोपड्याहून शिरपूरला जातो आणि गाडीला गार्ड आहे म्हणून मनाची समजूत घालतो. हे मला मनापासून खटकतं.

गार्डचं खरं काम गाडी चालती ठेवण्याचं आहे. इंजिनचं कव्हर फुटू नये, तेल वाहून जाऊ नये, गेअर लिव्हर आणि ब्रेक पेडल वाकून अडकू नयेत, टाकी चेपू नये. धडगाव-मोलगीकडे किंवा तोरणमाळच्या घाटात गाडी पडली आणि क्लचकडच्या कव्हरला भोक पडलं, तर मदत मिळेपर्यंत अंधार होतो. तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. गाडी उचलून, पुसून, किक मारून घरी येता आलं, म्हणजे गार्डने त्याचं काम केलं.

पहिली पायरी : आपली वाट कोणती ते ठरवा

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करा : आपली गाडी पडलीच तर ती कुठे पडेल?

खान्देशातले बहुतेक अपघाती क्षण मला तीन प्रकारचे दिसतात. पहिला चिखलाचा. काळी माती ओली झाली की डांबरावर तिचा साबण होतो. पावसाळ्यात शेताच्या बांधाजवळचा रस्ता आणि हिवाळ्यात कापसाच्या, उसाच्या गाड्या बाहेर पडतात ती वळणं इथे हे घडतं. गाडी आडवी होते आणि थोडी घसरून थांबते. दुसरा साइडपट्टीचा. समोरून केळीचा ट्रक आला, आपण कडेला घेतलं, डांबर संपतं तिथे वीतभर खाली साइडपट्टी. चाक उतरतं आणि पुन्हा वर चढत नाही. तिसरा घाटाचा : चाळीसगावहून कन्नडला चढताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर खडी पसरलेली असते.

तिन्ही ठिकाणी गाडी गुळगुळीत फरशीवर घसरत नाही. माती, खडी, खड्डा, कडा असं काहीतरी वाटेत येतंच. गार्ड की स्लायडर, याचं उत्तर इथेच मिळतं.

स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन अशी रोजची गाडी असेल तर पाइपचा गार्ड घ्या, दुसरा विचार नको. बुलेट किंवा क्लासिक ३५० ला पाइपचाच, पण जास्त मजबूत पकडीचा. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, तर क्लासिक ३५० तब्बल १९५ किलो. एकाच डिझाइनचा गार्ड दोन्हीला पुरणार नाही. हिमालयन किंवा एक्सपल्स घेऊन मनुदेवी, पाटणादेवीकडे कच्च्या वाटेने फिरणाऱ्यांना पाइपच्या गार्डबरोबर इंजिनखालची पट्टी, म्हणजे बॅश प्लेटही लागेल. यामाहा आर१५, केटीएम आरसी अशा फेअरिंगच्या, म्हणजे बाजूने प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या, गाड्यांना पाइपचा गार्ड लावायला धड जागाच नसते. तिथे स्लायडर योग्य, पण त्याच्या अटी आहेत. त्या पुढे येतीलच.

दुसरी पायरी : बोल्ट कुठे बसतो ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गार्ड हातात घ्या आणि पाइपकडे न बघता त्याच्या टोकांकडे बघा.

एका बाजूला किती ठिकाणी पकड आहे? एकच बोल्ट असेल तर गार्ड परत ठेवा. एका बोल्टवरचा गार्ड म्हणजे एका खिळ्यावरचं दार, धक्का बसला की ते फिरणारच. माझा तसाच फिरला. दोन ठिकाणी पकड हवीच, आणि त्या दोन ठिकाणांत हातभर नाही तरी निदान वीतभर अंतर हवं. डावा आणि उजवा भाग खालून आडव्या पाइपने किंवा पट्टीने जोडलेला असेल तर उत्तम. मग डावीकडून बसलेला मार दोन्ही बाजूंच्या बोल्टांत वाटला जातो.

बोल्ट कशात जातो? चेसीच्या पोलादी पाइपभोवती क्लॅम्प असेल किंवा चेसीला कंपनीनेच दिलेल्या भोकात बोल्ट असेल, तर मार चेसीवर जातो. चेसी पोलादी आहे, ती थोडं सोसते. बोल्ट थेट इंजिनच्या ॲल्युमिनियम कानातून जात असेल, तर मार इंजिनवर जातो. ओतीव ॲल्युमिनियम वाकत नाही, तुटतं. पुष्कळ गाड्यांत इंजिन माउंटिंगचा बोल्ट चेसीच्या दोन पत्र्यांमधून इंजिनच्या कानात जातो आणि गार्ड त्याच बोल्टवर बाहेरून बसतो. तशी रचना चालेल, पण मग गार्डला चेसीवर दुसरी पकड असलीच पाहिजे.

क्लॅम्पचा असेल तर त्याची गोलाई चेसीच्या पाइपला पूर्ण चिकटते का ते बघा. मध्ये रबराची जाड पट्टी घालून 'फिट' केलेला क्लॅम्प महिनाभरात सैल होतो.

गाडीच्या कंपनीचाच गार्ड मिळत असेल तर दोनशे-चारशे रुपये जास्त देऊन तोच घ्यावा असं माझं मत आहे. तो देखणा असेलच असं नाही. पण त्याची भोकं जिथे यायला हवीत तिथेच येतात, पान्याने ओढून, ठोकून बसवावा लागत नाही. ताणून बसवलेला गार्ड पहिल्या दिवसापासून बोल्टवर जोर देत राहतो.

गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेल्या गार्डबद्दल : हात चांगला असेल तर हरकत नाही, पण गार्ड गाडीवरून काढून, बाजूला ठेवूनच वेल्डिंग करा. चेसीला काहीही थेट वेल्ड करू देऊ नका. उष्णतेने चेसीचा तेवढा भाग कमजोर होतो आणि पुढे तिथेच भेग पडते. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर जवळपास सगळ्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आहे. गाडीवर वेल्डिंगचा करंट फिरला तर तो डबा जळू शकतो.

तिसरी पायरी : पाइप

दुकानदार सांगतो, "भरीव सळई आहे, कधी वाकायची नाही." हे ऐकून अनेक जण भुलतात. हिशेब करून बघा. १६ मि.मी.ची भरीव सळई आणि २२ मि.मी. बाहेरचा व्यास, २ मि.मी. जाडीची पोकळ नळी, दोन्ही एकाच पोलादाच्या. सळई वजनाला दीडपटीहून जास्त, पण वाकण्याला विरोध नळीपेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी कमी. तीच गोष्ट पोकळ नळ्यांतही. २८ मि.मी. व्यासाची, १.६ मि.मी. जाडीची नळी २२ मि.मी.च्या नळीपेक्षा वजनाला पाच-सहा टक्केच जास्त भरते, आणि वाकण्याला चाळीस टक्क्यांहून जास्त विरोध करते. व्यास वाढला की ताकद झपाट्याने वाढते, म्हणून व्यासाकडे बघा. फक्त जाडी दीड मि.मी.च्या खाली नको, नाहीतर नळी दगडावर चेपते आणि चेपली की तिथेच मोडते.

आता बाहेरून जाडी कळणार कशी? मी वजनाने ओळखतो. सुतळीने गार्डच्या पाइपची एकूण लांबी मोजा, वळणांसकट. मग गार्ड वजनकाट्यावर ठेवा. शेजारच्या किराणा दुकानात काटा असतोच. २२ बाय २ ची पोलादी नळी मीटरला जवळपास एक किलो भरते. तीच नळी १.२ मि.मी. जाडीची असेल तर मीटरला सहाशे ग्रॅमच. म्हणजे तीन मीटर पाइप असलेला गार्ड पट्ट्या धरून तीन किलोच्या पुढे जायला हवा. काटा दोनवर थांबला तर आत काय आहे ते समजा.

माइल्ड स्टील की स्टेनलेस? दोन्ही चालतात. माइल्ड स्टील स्वस्त, वाकतं पण चटकन तुटत नाही, आणि गावात वेल्डिंग होतं. त्याला गंज आतून लागतो. नळीत पाणी साचू नये म्हणून खालच्या वळणावर बारीक भोक आहे का ते बघा. क्रोम केलेल्यापेक्षा पावडर कोटिंग केलेला मला बरा वाटतो. क्रोमला एकदा चीर पडली की तिच्याखाली गंज पसरत जातो. स्टेनलेस घ्यायचं तर ३०४ ग्रेडचं. चुंबक लावून दाखवणाऱ्या दुकानदारावर विसंबू नका. चुंबक चिकटला नाही म्हणजे ते माइल्ड स्टील नाही एवढंच ठरतं. स्वस्त २०२ आणि चांगलं ३०४ यातला फरक चुंबकाला कळत नाही, कारण दोन्हींना तो जवळपास चिकटतच नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

वेल्डिंगवरून बोट फिरवा. खवल्या-खवल्यांची सलग शिवण हवी. ठिपके-ठिपके दिसले किंवा रंगाखाली भोक जाणवलं तर तो सोडा. पाइपची टोकं बंद आणि आत वळलेली हवीत. उघडं टोक बाजारात कुणाच्या साडीत, कुणाच्या पोटरीत घुसेल.

चौथी पायरी : स्लायडर घ्यायचा असेल तर

स्लायडर म्हणजे चेसीवर किंवा इंजिन माउंटिंगवर बोल्टने बसणारा प्लॅस्टिकचा जाड गोळा. गाडी आडवी झाली की फेअरिंगऐवजी तो झिजतो. रेस ट्रॅकवर डांबर सपाट असतं, गाडी घसरत लांब जाते, तिथे तो अप्रतिम काम करतो. आपल्या साइडपट्टीवर तोच गोळा कडेला अडकला तर घसरणारी गाडी उलटू शकते. म्हणून रोज खेड्यात फिरणाऱ्या गाडीला स्लायडर सुचवायला माझं मन होत नाही. जळगाव शहरात आणि महामार्गावर फेअरिंगची गाडी चालवणाऱ्याने मात्र जरूर लावावा.

लांबी कमीत कमी ठेवा. फेअरिंगच्या किंवा क्लच कव्हरच्या सगळ्यात बाहेर आलेल्या भागापेक्षा दहा-पंधरा मि.मी. पुढे आला की पुरे. लांबी दुप्पट झाली की बोल्टला वाकवणारा जोरही दुप्पट होतो. लांबलचक स्लायडर पडल्यावर तरफेसारखा वागतो आणि चेसीतले आटेच उचकटून काढतो.

गोळा डेलरिनचा, म्हणजे ॲसिटल प्लॅस्टिकचा असावा. चांगलं नायलॉनही चालतं. रबर नको, ते रस्त्याला धरून बसतं आणि गाडी गरकन फिरते. नुसत्या ॲल्युमिनियमचा रंगीत गोळा दिसतो छान, पण तो दगडात रुततो. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकचा रॉड आणि लेथवाले दोन्ही मिळतात, त्यामुळे झिजलेला गोळा नवा कातून घेणं अवघड नाही. माप मात्र जुन्या गोळ्यावरूनच द्या. बोल्टचं डोकं गोळ्यात खोल बुडालेलं हवं, निदान पेराएवढं. ते वरवर असेल तर थोडं घासल्यावर पोलाद रस्त्याला लागतं आणि सगळा मार सरळ आत जातो.

बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा : ८.८ किंवा १०.९. पहिला आकडा ताकद सांगतो. चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट लावायची फॅशन आहे. बाजारात मिळणारे ए२-७० लिहिलेले बोल्ट ८.८ पेक्षा कमजोर असतात. नंबर प्लेटला लावा, गार्डला किंवा स्लायडरला नको.

बाकीचे भाग, थोडक्यात

हँड गार्ड दोन जातींचे. आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेला आणि दोन्ही टोकांना हँडलला बोल्ट होणारा क्लच-ब्रेकचे लिव्हर वाचवतो. नुसता प्लॅस्टिकचा बाभळीच्या फांद्या आणि गार वारा अडवण्यापुरता. यावर सगळ्यात स्वस्त उपाय असा : लिव्हरच्या बुडाचा क्लॅम्प अगदी करकचून आवळू नका. हाताने जोर लावून फिरेल, चालवताना फिरणार नाही, इतपत ठेवा. पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. सीटखाली एक जास्तीचा क्लच लिव्हर ठेवा.

बॅश प्लेट तीन-चार मि.मी. ॲल्युमिनियमची. तेल सोडायच्या नटासमोर भोक हवं. आपल्या काळ्या मातीत तिच्यात चिखलाची लादी बसते आणि वाळून विटेसारखी होते. इंजिन तापायला तेवढं कारण पुरतं, म्हणून धुताना आतून पाणी मारा.

मागच्या चाकाजवळचा साडी गार्ड काढून टाकायची पोरांना हौस असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकडायची कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण लागतं. आई-बहीण एका बाजूला पाय टाकून बसते, तिचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ते आहे. कृपा करून काढू नका.

पाचवी पायरी : मापं घ्या, मग पैसे द्या

दुकानात गार्ड गाडीला नुसता धरून किंवा दोन बोल्ट बोटांनी फिरवून ही मापं घ्या. पंधरा मिनिटं लागतात. मित्राला बरोबर न्या.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. फोर्क, मडगार्ड, ब्रेकचा पाइप, वायर काहीही गार्डला लागता कामा नये, बोटभर जागा राहिली पाहिजे. मग मित्राला पुढे बसवून, पुढचा ब्रेक दाबून गाडी दणादण खाली दाबा. चाक वर येताना मडगार्ड गार्डच्या किती जवळ येतं ते बघा. खड्ड्यात ते याहूनही वर येणार आहे.

मग वळणाचं माप. गाडी वळताना झुकते तेव्हा सगळ्यात आधी फूटरेस्ट रस्त्याला लागला पाहिजे. तो वर दुमडतो आणि चालवणाऱ्याला इशारा मिळतो. गार्ड आधी लागला तर चाक उचललं जातं आणि घाटात गाडी हातातून जाते. गाडी सरळ उभी करून, मित्राला वर बसवून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत जमिनीवर खडूने रेघ ओढा. फूटरेस्टच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा आणि रेघेपासून ते टोक किती बाहेर आहे ते मोजा. उंचीला बाहेरच्या अंतराने भागा. समजा उंची ३० सें.मी., बाहेर ३५ सें.मी., तर आकडा आला ०.८६. आता गार्डचा सगळ्यात खालचा बिंदू आणि सगळ्यात रुंद बिंदू, दोन्हींचं असंच माप घ्या. दोन्ही आकडे फूटरेस्टच्या आकड्यापेक्षा मोठे यायला हवेत. खालचा बिंदू ३४ उंच आणि ३० बाहेर, म्हणजे १.१३ : चालेल. ०.८६ च्या खाली आला तर तो गार्ड त्या गाडीचा नाही.

पडण्याचं मापही घ्या. एक सरळ काठी किंवा मोजपट्टीचं फळकूट घेऊन गार्डच्या बाहेरच्या टोकापासून फूटरेस्टच्या टोकापर्यंत धरा. फळकूट आणि इंजिन कव्हर यांच्यात दोन बोटं जागा हवी. मग गार्डपासून हँडलच्या टोकापर्यंत धरा, टाकीला लागता कामा नये. आडव्या पडलेल्या गाडीखाली जमीन अशीच येणार असते.

शेवटी स्वतः बसा. जोरात ब्रेक मारल्यावर अंग पुढे सरकतं तसं सीटवर पुढे सरका आणि नडगी कुठे येते ते बघा. गार्डच्या पाइपला लागत असेल तर अपघातात हाड तिथेच आपटणार. गार्ड पायापासून पुढे आणि हँडलच्या रुंदीच्या आत असावा.

आमच्या भागासाठी आणखी एक : मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. बहुतेक रोजच्या गाड्यांची इंजिनं हवेवर थंड होतात. गार्डवर रेक्झिनचं पडदं, प्लॅस्टिकचा पत्रा, मोठा बोर्ड लावून त्या पंखांसमोरची हवा अडवू नका. पावसाळ्यात चिखल अडवायला लावलेला पडदा उन्हाळ्याआधी काढा.

सहावी पायरी : बसवताना

सपाट जागेवर मेनस्टँड लावा. गार्ड इंजिन माउंटिंगच्या बोल्टवर बसत असेल तर इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने नुसता आधार द्या, उचलू नका. बोल्ट एका वेळी एकच काढा. दोन्ही काढले तर इंजिन खाली बसतं, भोकं जुळत नाहीत, मग ठोकाठोकी सुरू होते आणि आटे जातात.

गार्डच्या पट्टीची जाडी वाढली की जुना बोल्ट आखूड पडतो. नटाबाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. ॲल्युमिनियममध्ये जात असेल तर बोल्टच्या जाडीच्या दीडपट खोली आत गेली पाहिजे. म्हणजे १० मि.मी.चा बोल्ट १५ मि.मी. आत. लांब बोल्ट गार्डबरोबर मिळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून ८.८ चाच आणा.

सगळे बोल्ट आधी हाताने, मग पान्याने हलके, आणि सगळे बसल्यावरच शेवटचा आवळा. आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब. टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा, गाडीच्या पुस्तकात किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये मिळेल, इंजिन माउंटिंगला तोच धरा. क्लॅम्पच्या ८ मि.मी. बोल्टला, ८.८ ग्रेडचा असेल तर, २५ न्यूटन मीटरच्या आसपास पुरतो. लांब पाइप घालून पाना ओढण्याची सवय मिस्तरींना असते. त्यांना आदराने पण स्पष्ट सांगा, "दादा, टॉर्क रेंच लावा."

शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि पाचशेनंतर एकदा पुन्हा तपासा. प्रत्येक बोल्टपासून पट्टीवर ऑइल पेंटची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला.

आणि गार्डला काही टांगू नका. दुधाच्या किटल्या, खताची गोणी, फवारणीचा पंप, गुरांचा चारा सगळं मी गार्डवर पाहिलं आहे. पंधरा-वीस किलोचं वजन रोज त्या बोल्टांना हलवत राहतं, कान हळूहळू थकतो आणि एके दिवशी काही न होताच तडकतो. पुढच्या बाजूच्या वजनाने हँडलही नीट फिरत नाही. सामानासाठी मागे कॅरिअर बसवा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून बेकायदा क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. त्याचा रोख मुख्यतः चारचाकींच्या पुढच्या बुल बारकडे होता. दुचाकीवाल्याने एवढं सांभाळावं : गार्ड बोल्टने निघणारा असावा, हँडलपेक्षा रुंद नसावा, दिवे, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकू नये, टोकं उघडी नसावीत. गार्डवर डोळे दिपवणारे एलईडी दिवे चढवणं तर समोरच्याच्या जिवाशी खेळ आहे.

पक्कं बिल घ्या. नवीन गाडीबरोबर गार्ड घेत असाल तर तो विम्यात ॲक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी त्याची भरपाई मागता येत नाही.

पडल्यानंतर

गाडी उचलली, चालू झाली, म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. घरी आल्यावर गार्ड काढा. वाकलेला गार्ड तापवून सरळ करून देणारे भेटतील. तो सरळ दिसेल, पण ज्या वळणावर तो एकदा दबला तिथे पुढच्या वेळी मोडेल. बदला. त्याबरोबर बोल्टही बदला. काचेवर किंवा सपाट फरशीवर लोळवून बघितला की वाकलेला बोल्ट लगेच कळतो.

मग गार्डच्या पकडीजवळची चेसी आणि इंजिनचे कान तपासा. चेसीवर रंगाला केसासारखी रेघ गेलेली दिसली तर तिथे संशय घ्या. डोळ्यांना न दिसणारी भेग शोधायची मिस्तरींची जुनी युक्ती आहे. तो भाग डिझेलने किंवा रॉकेलने ओला करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून खडूची बारीक पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा. भेग असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पावडरीवर काळपट रेघ उमटते.

माझ्या गाडीच्या उजव्या कानावर ती रेघ उमटली होती. डावा तुटला म्हणून आम्ही इंजिन उतरवलं होतं, उजव्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. मिस्तरींनी सवयीने पावडर मारली आणि बोट तिथेच थांबवलं. दोन्ही कानांना वेल्डिंग करून घेतलं. नवा गार्ड कंपनीचा आहे, दोन्ही बाजूंना चेसीवर क्लॅम्प, खालून आडवी पट्टी. रंग मळकट काळा, दिसायला अगदी साधा.